पाक कोणी ओळखावा? स्वयंचलित यंत्रे आणि वैद्याचे काम

२०१७ सालच्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना झालेल्या विषबाधा आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिल्या आहेत. त्या वर्षी कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढली होती. फवारा खाली न पडता फवारणाऱ्याच्या चेहऱ्यावर येत होता आणि बॅटरीवरच्या पंपांतून निघणारे तुषार अतिशय सूक्ष्म होते. डोळ्यांची आग, अंधुक दिसणे, मळमळ, घाम अशा तक्रारी घेऊन रुग्ण प्रथम गावातील वैद्याकडे येत, तेथून त्यांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवावे लागे. शेकडो शेतकरी व शेतमजूर बाधित झाले, वीसच्या आसपास दगावले. शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले.

त्यानंतरच्या काळात फवारणीचे ड्रोन आले. २०२१ साली केंद्र शासनाने ड्रोनविषयीचे नियम आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ड्रोनद्वारे कीटकनाशक फवारणीची कार्यपद्धती प्रसिद्ध केली. २०२३ साली महिला बचत गटांना ड्रोन देणारी नमो ड्रोन दीदी योजना आली. हे यंत्र आखून दिलेल्या मार्गावरून स्वतः उडते, स्वतः वळते आणि टाकी रिकामी झाली की परत येते. पाठीवरच्या पंपाने जेथे एकरी शेदीडशे लिटर पाणी लागे, तेथे दहा लिटरांच्या आसपास पाण्यात एकर आटोपतो. माणूस फवाऱ्यापासून दूर उभा राहतो. या सुधारणेचे मोल २०१७ साल पाहिलेल्या वैद्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

परंतु येथे एक गोष्ट नजरेतून सुटते. फवारा यंत्राकडे गेला, तरी औषध कालवून टाकीत भरण्याचे काम माणसाच्या हातांकडेच राहिले. पाणी कमी झाल्यामुळे ते द्रावण पूर्वीपेक्षा कितीतरी तीव्र झाले. म्हणजे जोखीम कमी झाली खरी, पण उरलेली जोखीम एका नव्या जागी येऊन गोळा झाली. हातमोजे घालण्याची शिस्त ज्या जागी सर्वांत आवश्यक, नेमकी तीच जागा आता 'थोडेसे उरलेले काम' म्हणून दुर्लक्षिली जाते.

शेतीचे हे उदाहरण प्रारंभी घेण्याचे कारण असे, की आमच्या रसशाळांत आणि चिकित्सालयांतही आता हेच घडू लागले आहे. कोणते काम यंत्राला द्यावे, कोणते माणसाने राखावे, आणि देताना जे मधल्या मध्ये उरते त्याचे काय करावे, या प्रश्नाचा विचार औषधिनिर्माते व फार्मसीचालक यंत्र विकत घेतल्यानंतर करतात. तो आधी व्हावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

यंत्र चतुष्पादात कोठे बसते?

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले: वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रुग्ण. यांत वैद्य प्रधान का, हे सांगताना त्यांनी कुंभाराचा दृष्टान्त दिला आहे. माती, चाक, दोरा सारे असले तरी कुंभाराविना घट घडत नाही. खल, कढई, चुल्ली ही आमची चाके. त्यांना कोणी पाद म्हटले नाही, कारण ती स्वतः काही ठरवीत नव्हती. कढई कधी उतरवावी हे कढई सांगत नसे.

आज कढई ते सांगते, एवढेच नव्हे तर स्वतःच अग्नी बंद करते. मग ती उपकरण राहिली की परिचारक झाली? परिचारकाचे चार गुण आपण प्रथम वर्षापासून पाठ केलेले आहेत: उपचारज्ञता, दक्षता, अनुराग आणि शौच. दक्षता व शौच या दोहोंत यंत्र माणसाहून सरस ठरू शकते. ते रात्री पेंगत नाही आणि हात न धुता कल्कात बोट घालीत नाही. उपचारज्ञता त्यात भरणाऱ्याने जेवढी भरली तेवढीच. अनुराग मात्र त्यात येत नाही. हा शब्द भावुकतेने वाचू नये. रुग्णाचे किंवा औषधाचे काही बिघडत आहे याची ज्याला स्वतःहून काळजी वाटते, तो न सांगितलेल्या गोष्टींकडेही पाहतो. यंत्राला जेथे पाहावयास सांगितले तेथेच ते पाहते. पुढे सांगितलेला प्रसंग याच मुद्द्याचा आहे.

पाश्चात्त्य देशांत हा विचार विमानविद्येतून सुरू झाला. १९५१ साली अमेरिकेत पॉल फिट्स यांनी हवाई वाहतूक नियंत्रणासंबंधीच्या एका अहवालात माणूस कोणत्या कामांत सरस आणि यंत्र कोणत्या कामांत सरस याची यादीच दिली. अंधुक संवेदना ओळखणे, अनपेक्षित प्रसंगी नवा मार्ग काढणे, निर्णय करणे हे माणसाकडे; वेग, सातत्य, तीच क्रिया अनेक वेळा बिनचूक करणे हे यंत्राकडे. १९७८ मध्ये शेरिडन व व्हरप्लँक यांनी दहा पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीवर सर्व काही माणूस करतो, मधल्या पायऱ्यांवर यंत्र सुचविते आणि माणसाच्या संमतीची वाट पाहते किंवा नकार न आल्यास पुढे जाते, आणि दहाव्या पायरीवर यंत्र कोणालाही न विचारता सारे करते. २००० साली परासुरामन, शेरिडन व विकन्स या तिघांनी त्यात महत्त्वाची भर घातली. माहिती गोळा करणे, तिचा अर्थ लावणे, निर्णय घेणे आणि कृती करणे असे कामाचे चार टप्पे असून प्रत्येक टप्प्यावर यंत्राला किती मोकळीक द्यावी हे स्वतंत्रपणे ठरवावे, असे त्यांचे म्हणणे. संपूर्ण काम यंत्राला द्यावे की देऊ नये, असा घाऊक प्रश्न विचारण्यापेक्षा ही पद्धत आपल्याला अधिक उपयोगी आहे. दर्शन, स्पर्शन, प्रश्न हा एक टप्पा, निदान हा दुसरा, चिकित्सासूत्र हा तिसरा आणि उपक्रम हा चौथा, असे ते सहज लावून पाहता येते.

क्षीरबला तेलाचा एक पाक

आम्ही काही वर्षे एका रसशाळेत तांत्रिक तज्ज्ञ म्हणून काम पाहिले. तेथे स्नेहपाकासाठी विजेवर तापणारे, आपोआप ढवळणारे पात्र घेण्यात आले. स्नेहपाकाचे शास्त्र वाचकांस ज्ञात आहेच. कल्क एक भाग, स्नेह चार भाग, द्रव सोळा भाग, हे सामान्य मान. द्रवातील पाणी उडेपर्यंत तेलाचे तापमान शंभर अंशांच्या आसपास अडून राहते, कारण दिलेली सारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी संपत आले की तापमान एकदम चढू लागते. मृदु, मध्यम आणि खर हे तिन्ही पाक याच थोड्या अवधीत एकामागून एक येऊन जातात. यंत्र बनविणाऱ्याने हेच हेरले होते. तेलाचे तापमान एकशे दहा अंशांवर गेले की अग्नी बंद, अशी योजना होती. विचार चुकीचा नव्हता. पहिले आठ-दहा पाक उत्तम उतरले, आणि आम्हीही वर्ती करून पाहणे हळूहळू सोडून दिले.

त्या वेळचा पाक क्षीरबलेचा होता. बलेचा कषाय, बलेचा कल्क, तिळतेल आणि दूध. दूध आटू लागले की त्याचा घट्ट भाग तळाशी बसतो. त्यातच कल्क जाडसर वाटला गेला होता. ढवळणीचे पाते आणि पात्राचा तळ यांमध्ये बोटभर अंतर होते. त्या अंतरात कल्क व दूध यांचा थर धरला आणि तो खालून करपू लागला. तापमान मोजणारा सेन्सर मात्र पात्राच्या बाजूस, मध्यावर बसविलेला. तेथे तेलात अजून पाणी होते, म्हणून अंकपट्टीवर शंभर-एकशे दोन दिसत राहिले. यंत्राच्या दृष्टीने सर्व काही ठीक होते.

ज्यांनी हे ओळखले ते साठी उलटलेले एक जुने कारागीर होते. तीस वर्षे त्यांनी लाकडाच्या चुलीवर तेले सिद्ध केली होती. यंत्र आल्यावर त्यांना बाटल्यांवर लेबले लावण्याच्या खोलीत बसविण्यात आले होते. तेथून उठून ते आले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, खालून लागलं हो तेल." पात्राशी उभा असलेला तरुण कामगार त्यांना अंकपट्टी दाखवू लागला. आम्हीही, सांगावयास संकोच वाटतो, प्रथम अंकपट्टीकडेच पाहिले. वास आम्हालाही येत होता, परंतु आकडा बरोबर असल्यामुळे तो दुधाचाच असावा असे मनाने ठरवून टाकले होते. पात्र रिकामे केले तेव्हा तळाशी काळा थर निघाला. दग्धपाकाचे तेल कशाच्याही उपयोगाचे नाही. सबंध घाणा बाद झाला.

नुकसान पैशांचे झाले ते झालेच. आम्हाला अधिक बोचले ते निराळेच. यंत्रातून निघालेला तापमानाचा आलेख निर्दोष होता आणि बॅचच्या कागदावर आमची सही होती. ते कारागीर त्या दिवशी रजेवर असते, तर ते तेल गाळून, गंधाने थोडे उग्र एवढेच म्हणून, बाटल्यांत गेले असते, आणि कोणा वैद्याने विश्वासाने ते रुग्णाच्या नाकात घातले असते. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यालाही कागदोपत्री काही दोष सापडला नसता.

१९८३ साली लिझान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विदुषीने स्वयंचलनातील विसंगतींवर एक निबंध लिहिला. यंत्र सोपे काम उचलते आणि अवघड, क्वचित येणारे काम माणसासाठी ठेवते. परंतु सोपे काम रोज केल्यानेच जे कौशल्य टिकते, ते आता टिकत नाही. परिणामी, यंत्र चुकेल त्या दिवशी ज्याने सावरावयाचे, त्याचाच हात मोडलेला असतो, असा त्याचा आशय आहे. तो निबंध कारखाने व प्रक्रिया-उद्योगांसंबंधी आहे. पण लेबलांच्या खोलीत बसविलेला कारागीर आणि अंकपट्टी दाखविणारा तरुण यांचे याहून नेमके वर्णन आम्हाला करता येणार नाही.

अग्नी कमी करण्याचा अधिकार

त्या प्रसंगानंतर आम्ही यंत्र काढून टाकले नाही. सेन्सर तळाशी आणून बसविला, पाते खाली घेतले आणि कामाची वाटणी नव्याने केली. द्रव आटविण्याचा लांबलचक भाग संपूर्णपणे यंत्राकडे राहिला. तेल-तूप एकाच दिवसात सिद्ध करू नये, असे शार्ङ्गधरांचे सांगणे आहे. दोन-तीन दिवस मंदाग्नी सारखा राखणे हे काम माणसापेक्षा यंत्र निःसंशय चांगले करते. तापमान चढू लागले की यंत्राने घंटा वाजवावी, अग्नी बंद करावा आणि थांबावे. तेथून पुढे माणूस. कल्काची वर्ती वळते काय, ती अग्नीवर टाकल्यास तडतड होते काय, तेलावर फेन आला काय, हे तो पाहतो आणि पाक पुढे न्यावयाचा असेल तर स्वतःच्या हाताने अग्नी पुन्हा सुरू करतो.

येथे एक विषमता आम्ही मुद्दाम ठेवली आहे. अग्नी कमी करण्याचा किंवा बंद करण्याचा अधिकार यंत्राला आहे, वाढविण्याचा नाही. यंत्राने उगाच थांबविले तर तास-दोन तास वाया जातात, परंतु उगाच चालू ठेवले तर पाक दग्ध होतो. मृदुपाक पुढे नेता येतो, खरपाक मागे आणता येत नाही. ज्या बाजूची चूक दुरुस्त होते, त्या बाजूला यंत्राला मोकळीक द्यावी, हा नियम आम्हाला पुढे अन्यत्रही उपयोगी पडला. आपल्या भागात वीज जाण्याचा अनुभव सर्वांनाच आहे. वीज परत आली की काही यंत्रे आखलेला क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, असेही आमच्या पाहण्यात आले. अशी यंत्रे घेताना 'वीज आल्यावर थांबून राहा' ही सोय आहे काय, एवढा प्रश्न फार्मसीचालकांनी अवश्य विचारावा.

आणखी एक बाब. कोणता पाक हवा, हे यंत्र ठरवू शकत नाही, कारण ते तेलात नसून रुग्णात असते. चरकमते अभ्यंगासाठी खर, नस्यासाठी मृदु, पान व बस्तीसाठी मध्यम. सुश्रुतांनी सांगितलेला विनियोग याहून भिन्न आहे. दोहोंपैकी कोणता पक्ष स्वीकारावा हे परंपरा, देश आणि प्रयोजन पाहून वैद्यानेच ठरवावयाचे.

भस्मांविषयी थोडक्यात लिहितो. विद्युतभट्टीने पुटाचा ताप, त्याचा काल आणि स्वांगशीत होण्याचा वेग यांवर जो ताबा दिला आहे, तो गोवऱ्यांच्या गजपुटात पावसाळ्यात मिळत नसे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. भावना व चक्रिका नीट झाल्या असतील तर भट्टी आपले काम करते. मात्र 'अमुक पुटे झाली म्हणजे भस्म झाले' अशी मोजणी यंत्राच्या क्रमात भरून ठेवणे घातक आहे. वारितर, रेखापूर्ण, निश्चंद्र, अपुनर्भव या परीक्षा प्रत्येक खेपेस कराव्यात. त्यांत नापास झालेल्या भस्माला आणखी एक पुट द्यावे लागते, आणि ते द्यावयाचे हे ठरविणारा माणूसच हवा.

धोक्याचे काम आधी

आता ज्या कामांत यंत्राला पुढे करण्यास आपण उशीर करतो आहोत, त्यांविषयी. आपल्या जिल्ह्यातील जंगलांतून बिबा येतो. बिबे कापणे, विटेच्या चुऱ्यात घोळणे, चोळणे, गरम पाण्याने धुणे, ही शोधनाची क्रिया अजूनही बहुतेक ठिकाणी हातांनी होते. कामगार हाताला खोबरेल लावतात आणि तरीही फोड येतात, सूज येते, क्वचित चेहरा ओळखू येत नाही. वत्सनाभ व कुचला दळताना उडणारी धूळही अशीच. ज्या कामात निर्णय अल्प आणि अपाय मोठा, ते काम यंत्राला प्रथम द्यावयास हवे. आम्ही मात्र स्नेहपाकासारखे निर्णयप्रधान काम आधी यंत्राला दिले आणि बिबे माणसाच्या हाती ठेवले. कारण उघड आहे. पाकाला कुशल कारागिराचा पगार लागतो, बिबे चोळणारी बाई रोजंदारीवर मिळते. हे लिहिताना आम्ही स्वतःला वगळत नाही.

आणि यंत्र आणलेच तर ड्रोनची ती टाकी आठवावी. पल्व्हरायझरने वत्सनाभ दळला, पण पिशवी काढणे, जाळी झाडणे, आतील चूर्ण ब्रशने पुसून घेणे हे माणूसच करतो. सर्वांत बारीक आणि सर्वांत उडणारी धूळ त्याच वेळी असते. यंत्राच्या किमतीत मुखपट्टी, हातमोजे आणि धूळ ओढून घेणारी सोय यांची किंमत धरूनच हिशेब मांडावा.

नाडीचा आकडा

चिकित्सालयातील चित्र थोडे निराळे आहे. शार्ङ्गधरांपासून नाडीपरीक्षा ग्रंथांत आली, बृहत्त्रयीत ती नाही. या स्पर्शविद्येला यंत्रात आणण्याचे प्रयत्न आपल्याच महाराष्ट्रात झाले. २००७ साली पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व मुंबईची आय.आय.टी. येथील संशोधकांनी 'नाडी तरंगिणी' या उपकरणावरील आपला प्रबंध मांडला. मनगटावर वात, पित्त, कफ यांच्या तीन स्थानी दाब मोजणारे तीन सेन्सर ठेवून नाडीचे तरंग नोंदविणे, ही त्याची मूळ कल्पना. पुढे पुण्यातूनच ते उपकरण वैद्यांपर्यंत आले.

या यंत्रांकडे तुच्छतेने पाहण्याचा आपल्याला फारसा अधिकार नाही. एकाच रुग्णाची नाडी दोन वैद्यांनी पाहिली तर दोघांचे मत नेहमी जुळते, असे कोण छातीठोकपणे म्हणेल? दिवसातील चाळिसावी नाडी पाहणारे बोट सकाळच्या पहिल्या नाडीइतके ताजे नसते. तरंग जसाच्या तसा नोंदवून ठेवणे आणि त्याच रुग्णाचा महिन्यापूर्वीचा तरंग शेजारी दाखविणे हे आपल्या स्मरणशक्तीच्या आवाक्याबाहेरचे काम यंत्र करते. माहितीचा टप्पा त्याला निश्चिंतपणे द्यावा.

अडचण पुढच्या टप्प्यात आहे. छापील कागदावर वाताचे इतके शतमान, पित्ताचे तितके, असा आकडा आला की रुग्ण तो घरी नेतो, शेजाऱ्यांना दाखवितो आणि पुढच्या वेळी आकडा 'उतरला' नाही म्हणून नाराज होतो. वैद्याचेही तसेच होते. आकडा आधी पाहिला की बोटाला तोच जाणवू लागतो. क्षीरबलेच्या पात्राशी आमच्या नाकाचे जे झाले, तेच. म्हणून क्रम महत्त्वाचा. प्रथम दर्शन, स्पर्शन, प्रश्न करून आपले निदान केसपत्रात लिहावे, मगच यंत्राचा कागद पाहावा. दोहोंत भेद पडला तर तो खोडू नये, नोंदवून ठेवावा. अशा शे-दोनशे नोंदी प्रत्येकाने राखल्या तर यंत्र कोठे उपयोगी आहे आणि आपण कोठे चुकतो, हे दोन्ही कळेल. प्रश्नपरीक्षा मात्र संपूर्णपणे वैद्याचीच. झोप लागत नाही असे सांगणाऱ्या शेतकऱ्याला या वर्षी बोंडअळीने किती नेले हे विचारावे लागते, आणि उत्तर देताना तो कोठे थांबतो हेही पाहावे लागते.

अलीकडे संगणकाला लक्षणे लिहून दिली की तो निदान, कल्प, मात्रा, अनुपान आणि ग्रंथाधार असे सारे सुवाच्य भाषेत लिहून देतो. यातील आधार पुष्कळदा बरोबर असतात. कधी ज्या अध्यायाचा निर्देश असतो तेथे तो विषयच नसतो. विद्यार्थ्यांनी आणि तरुण वैद्यांनी हे उत्तर शोधाचा आरंभ म्हणून घ्यावे आणि ग्रंथ उघडल्याशिवाय त्यावर काही लिहू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आरोग्यक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत माणसाचे स्वातंत्र्य व निर्णयाधिकार जपणे हे पहिले तत्त्व आहे. आपल्याकडे महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक वैद्याला मिळतो. यंत्राला तो मिळत नाही. चिठ्ठीखाली सही ज्याची, उत्तर त्याने द्यावयाचे.

दुकानातील सूचनांचा कंटाळा

फार्मसीचालकांच्या दुकानांत संगणक बऱ्याच वर्षांपासून आहे आणि साठा, मुदत, हिशेब यांत त्याने केलेली मदत निर्विवाद आहे. मुदत संपलेल्या बॅचचे बिल संगणकाने होऊच देऊ नये. येथे त्याला पूर्ण नकाराधिकार द्यावा. अनुसूची ई (१) मधील विषद्रव्ये असलेला कल्प निघाला की वैद्याची चिठ्ठी विचारावी, हेही योग्य. परंतु काही दुकानांत प्रत्येक बिलामागे चार-पाच सूचना पडद्यावर येतात आणि काउंटरवरचा मुलगा त्या न वाचता बाजूला सारतो. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने किमान सहा रुग्णांना अतिप्रमाणात किरण दिले. आधीच्या यंत्रात असलेले यांत्रिक अडसर काढून भिस्त संगणकाच्या आज्ञावलीवर ठेवली होती. ते यंत्र बिघाडाच्या दुर्बोध सूचना इतक्या वेळा देत असे, की चालविणाऱ्यांना 'पुढे चला' हे बटण दाबण्याची सवय जडली होती. सूचना थोड्या असाव्यात, आणि आली की हात थांबला पाहिजे.

पर्यायी औषध सुचविण्याचे काम मात्र संगणकाला देऊ नये. आपल्या शास्त्रात नाम एक आणि पाठ अनेक, ही स्थिती आहे. योगराज गुग्गुळ आणि महायोगराज गुग्गुळ ही नावे यादीत एकाखाली एक येतात. पहिल्यात भस्मे नाहीत, दुसऱ्यात नाग, वंग, रौप्य इत्यादी आहेत. साठ्यात एक नसल्यास दुसरे सुचविणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने हे 'जवळचे' औषध असते. दुकानदाराने अशा वेळी वैद्याला फोन करावा. त्यात पाच मिनिटे जातात आणि गिऱ्हाईक कुरकुरते, हे आम्हाला ठाऊक आहे.

हात राखण्याची तजवीज

राहिला प्रश्न कौशल्याचा. पाकाची परीक्षा माणसाकडे ठेवली असे कागदावर लिहिणे सोपे. ती करणारा माणूस कोठून आणावयाचा? त्या रसशाळेत आम्ही मालकांना एक विनंती केली. महिन्यातून एकदा, यंत्र बाजूला ठेवून, चुलीवर पितळी कढईत दोन लिटर तेलाचा एक पाक करावयाचा. ते जुने कारागीर शिकवतील आणि दोन तरुण कामगार आळीपाळीने हाताने करतील. मालकांनी लाकूड, वेळ आणि मजुरी यांचा हिशेब मांडून दाखविला. तो खोटा नव्हता. आम्ही बाद झालेल्या घाण्याचा हिशेब शेजारी ठेवला, तेव्हा ते तयार झाले.

बॅचच्या कागदावरही एक रकाना वाढविला. यंत्राने नोंदविलेले तापमान एका बाजूस आणि वर्ती, शब्द, फेन, गंध यांची माणसाने स्वतःच्या अक्षरात लिहिलेली नोंद दुसऱ्या बाजूस. दोन्ही रकाने भरल्याशिवाय आम्ही सही करीत नाही. आरंभी दुसऱ्या रकान्यात सगळीकडे 'ठीक' एवढेच लिहिलेले असे. ते आम्ही परत पाठवू लागलो.

सहाव्या महिन्यात त्या दोघांपैकी धाकट्याने फेन येण्यापूर्वीच कढई उतरवली. वर्ती वळत होती, पण मऊ होती, आणि अग्नीवर टाकल्यावर किंचित तडतड झाली. कारागिरांनी ती पुन्हा चढवावयास लावली. मुलाने पहिल्या वेळची नोंद न खोडता खाली दुसरी लिहिली: वेळ, गंध, आणि 'आता आवाज नाही'. ते तेल आम्ही नस्यासाठी वेगळे काढून ठेवले.